बाळाची कार सीट घेतलीये, पण नीट बसलीये का? या चुका टाळा

सीट घेतली की आपलं काम झालं असं मलाही वाटलेलं. सहा महिने लेकाला घेऊन पुणे-मुंबई केलं, आणि एकदा कव्हर धुवायला म्हणून सीट काढायला गेलो तर आयसोफिक्सचा (म्हणजे बेल्टशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या दोन हूकांचा) एका बाजूचा इंडिकेटर लाल! म्हणजे एक हूक अडकलेला आणि दुसरा नुसता टेकलेला. पोटात गोळाच आला. दोन्हीकडे टक् आवाज आला पाहिजे, दोन्हीकडे हिरवं दिसलं पाहिजे, आणि तरीही एकदा ओढून बघायचंच.

बेल्टने बांधायची सीट असेल तर घोळ अजून जास्त. गाडीचा बेल्ट शक्यतो झटका बसल्यावरच लॉक होतो, एरवी सैल सुटतो, म्हणून सीटवर बेल्टचं लॉक दिलेलं असेल तर ते लावायचं विसरू नका. सीटवर गुडघा रोवून बेल्ट खेचायचा, मग जिथून बेल्ट जातो तिथेच धरून हलवायचं, इंचापेक्षा जास्त सरकली तर परत पहिल्यापासून. आणि खुणा बघा, बऱ्याच सीटना निळी खूण मागे तोंड करून बसवायला असते, लाल पुढे तोंड करून.

आता बाळाला बांधायचे सीटचे पट्टे. बाळ रडतं म्हणून आपण ढिले ठेवतो, आणि मग ते हात बाहेर काढतं. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत घडी आली तर अजून ओढायचा. महाबळेश्वरला जाताना जाडजूड जॅकेट घालून बांधलं की पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत जॅकेट दबतं आणि पोर आत सैल. आधी बांधा, मग वरून शाल टाका.

वर्ष झालं की लगेच पुढे तोंड करायची घाई कशाला? बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी, मागे तोंड असेल तर धडकेचा जोर पाठीवर पसरतो. मुलांच्या सीटसाठीच्या युरोपच्या आर-129 नियमात 15 महिन्यांच्या आत पुढे तोंड चालतच नाही. पाय दुमडतात म्हणून काळजी नको, मुलं मांडी घालून मजेत बसतात. पण अशी मागे तोंड केलेली सीट गाडीच्या पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना कधीच नाही, एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे आज्जी. "दे इकडे, मी घेते मांडीवर, कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय." आईशी वाद घालून उपयोग नाही हे माहीत आहे, म्हणून मी हिशोबच सांगितला, 50 च्या स्पीडला धडक बसली तर 10 किलोचं पोर दोनशे-तीनशे किलोच्या जोराने हातातून सुटतं, कोणाच्याच हातात तेवढा दम नाही. (कायदाही आहेच, मोटार वाहन कायद्याचं कलम 194-बी, 14 वर्षांखालचं मूल बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड.) ती गप्प बसली, पण गाल फुगवूनच.

बक्कल लागत नसेल तर आधी आत बघा, आमच्याकडे बिस्किटाचा चुरा निघाला. कोमट पाण्याने साफ करायचं, तेलबिल घालायचं नाही. आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बक्कलवर ओला पंचा टाकून ठेवा, नाहीतर चटका बसला की पोरगं सीटवर बसायलाच तयार होत नाही.