थर्मल दुर्बिणीतून रात्रीची कायोटी शिकार : या चुका टाळा

थर्मल दुर्बीण उजेडावर चालत नाही. प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता टिपून ती पडद्यावर तिचे चित्र उमटवते. त्यामुळे टेक्सास किंवा कॅन्ससच्या माळावर काळोखातही दूरचा पांढरा ठिपका सहज नजरेत भरतो आणि नवशिक्याच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात, कारण ठिपका दिसणे आणि तो कायोटीचाच (उत्तर अमेरिकेतील, लांडग्याच्या कुळातल्या रानटी प्राण्याचा) आहे हे ओळखणे यांत पुष्कळ अंतर आहे. डिजिटल झूम वाढवल्याने तपशील वाढत नाही, तेच पिक्सेल मोठे होतात; शिवाय या चित्रात रंग नसतो आणि खोलीही नसते. म्हणून जवळचा कोल्हा दूरच्या कायोटीसारखा भासतो आणि शेजाऱ्याचा मोकळा सुटलेला कुत्रा तर हुबेहूब तसाच वाटतो. अंतर लेझरने मोजावे, चाल व शेपटी नीट दिसेपर्यंत थांबावे आणि शंका उरली तर बोट ट्रिगरपासून दूरच ठेवावे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडील ज्या पाच काउंट्यांमध्ये दुर्मीळ लाल लांडगा वावरतो, तेथे रात्री कायोटी मारण्यास मुळी परवानगीच नाही. त्या लांडग्यांच्या गळ्यातील नारिंगी पट्टा थर्मलमध्ये नारिंगी दिसणार नाही, एवढे ध्यानात घेतले तरी या बंदीचे कारण कळते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्याने ते दर हंगामाला नव्याने वाचावेत.

याहून गंभीर चूक म्हणजे रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीतूनच सारा माळ न्याहाळणे. तसे केल्यास भरलेल्या बंदुकीची नळी गुरांवर, वाटेवर आणि कदाचित माणसांवरही फिरते. टेहळणीसाठी हातात धरायचे वेगळे उपकरण वापरावे. कुंपणाच्या तारा भोवतालच्या हवेइतक्याच थंड झाल्या की थर्मलमध्ये दिसेनाशा होतात आणि काचेपलीकडचा माणूस तर दिसतच नाही. म्हणून लक्ष्यामागे गोळी अडवणारा मातीचा उंचवटा आहे ना, हे दिवसाउजेडी जागेवर जाऊनच पाहून ठेवावे.

कायोटीला बोलावण्यासाठी सशाच्या किंकाळीचा आवाज काढणारे यंत्र वापरतात, पण तो आवाज ऐकून आलेला कायोटी सहसा सरळ चालून येत नाही. वास घेण्यासाठी तो वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो. हे यंत्र स्वतःजवळ ठेवून बसणाऱ्याचा वास त्याला आधीच लागतो. यंत्र चाळीस-पन्नास पावलांवर, वाऱ्याच्या आडव्या दिशेला ठेवावे आणि वळशाची ती बाजू उघडी राहील असे बसावे. गाडी टेकाडाआड लावावी, दार आपटू नये. सुरुवातीचा आवाज मंद असावा. पंधरा-वीस मिनिटांच्या आत उठणे म्हणजे बहुधा उशिरा येणाऱ्याला उठताना दिसणे.

चित्र अचानक धूसर झाले की लोक उपकरणालाच दोष देतात. आधी भिंगावरचे दव पुसावे, फोकस पाहावा, उपकरणातील कॅलिब्रेशनचे बटण दाबावे. दाट धुके किंवा पाऊस असेल तर दोष हवेचाच असतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जोडीची बॅटरी खिशात उबेला ठेवावी. नेम जुळवताना लक्ष्य म्हणून लावलेला साधा कागद थर्मलमध्ये दिसत नाही. त्यावर हात शेकण्याची गरम पुडी चिकटवावी.

अमेरिकेतील मराठी मंडळींसाठी आणखी एक : भारतात वन्यजीवांच्या शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंदी आहेच, पण नुसती दाखवायला म्हणूनही ही दुर्बीण बॅगेत टाकू नये. ती देशाबाहेर नेण्यावर अमेरिकेचे निर्यातविषयक निर्बंध आहेत.