ओपन सोर्सवर मत देण्याआधी परवाना कसा वाचावा

तालुक्याच्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा पतसंस्थेच्या सभेत सॉफ्टवेअरचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. एक जण म्हणतो, "ओपन सोर्स घ्या, फुकट आहे." दुसरा लगेच विचारतो, "फुकटच्या वस्तूला वाली कोण?" जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या लहान संस्थांना संगणकाच्या कामात मदत करताना हा वाद मी अनेकदा ऐकला आहे. सारा वाद ज्यावर चाललेला असतो, तो सॉफ्टवेअरचा परवाना, म्हणजे वापराच्या अटींचा कागद, दोघांपैकी एकानेही उघडून पाहिलेला नसतो, हे माझ्या प्रत्येक वेळी लक्षात आले आहे. तो परवाना कसा वाचावा, त्यात काय शोधावे आणि त्याच्या आधारे संस्थेचा निर्णय कसा घ्यावा, हे येथे सांगतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवा

इंग्रजीतल्या ‘फ्री’ या शब्दाला किंमत नसणे आणि बंधन नसणे असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत मात्र ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आपल्या हाती आहेत, तेव्हा सभेत बोलताना किमतीसाठी पहिला आणि हक्कासाठी दुसराच वापरावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून उभ्या राहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरणाऱ्याला चार हक्क मागितले: सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवणे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, वाचून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि आपण बदललेल्या प्रतीही वाटणे. या चारही हक्कांत किमतीचा शब्द नाही, आणि याच चळवळीच्या जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) परवान्याखालचे सॉफ्टवेअर पैसे घेऊन विकायलाही पूर्ण मुभा आहे. ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आले ते १९९८ मध्ये. त्याच वर्षी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था स्थापन झाली आणि तिने दहा निकषांची व्याख्या स्वीकारली. उद्योगांना पटावे म्हणून या गटाने नीतीपेक्षा उपयुक्ततेवर भर दिला, आणि स्टॉलमन यांचा त्यावरचा आक्षेप कधीच मिटला नाही. प्रत्यक्षात मात्र दोन्ही बाजूंना मान्य असलेले परवाने बहुतांशी तेच आहेत, त्यामुळे संस्थेच्या सभेत या वादावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

खान्देशात हा फरक समजावून सांगायला मला बियाण्याइतका चांगला दाखला सापडलेला नाही. संकरित कपाशीचे पाकीट दर हंगामात नव्याने विकत घ्यावे लागते, कारण त्या पिकाची सरकी पुढच्या वर्षी पेरली तर तसेच पीक येत नाही. दादर ज्वारीचे मात्र निवडक कणसांचे दाणे घरात राखून ठेवता येतात, पुन्हा पेरता येतात, शेजाऱ्याला देता येतात. आपल्या देशातल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने संरक्षित वाणाचेसुद्धा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. अट इतकीच की ते त्या वाणाच्या नाममुद्रेने, म्हणजे ब्रँडेड बियाणे म्हणून, विकता येत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नेमके असेच घडते. कोडवर हक्क मिळाला म्हणजे नावावर मिळत नाही. फायरफॉक्सचा कोड मुक्त असूनही त्याच्या नाममुद्रेच्या अटींवरून मतभेद झाल्यामुळे लिनक्सची एक आवृत्ती बनवणाऱ्या डेबियन प्रकल्पाने २००६ पासून २०१६ पर्यंत तोच ब्राउझर ‘आइसवीझल’ या नावाने दिला. परवाना वाचताना नाव आणि कोड हे दोन विषय वेगळे ठेवावेत, ते यासाठी.

परवान्याची फाईल उघडा

जाहिरातीच्या पानावर ‘ओपन’ किंवा ‘खुले’ असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. सोर्स कोड जेथे ठेवलेला असतो त्याच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘लायसन्स’ किंवा ‘कॉपीइंग’ या नावाची फाईल असते; ती उघडून पहिल्या काही ओळींत परवान्याचे नाव आणि आवृत्ती पाहावी, आणि ते नाव ओपन सोर्स इनिशिएटिव्हच्या मान्य परवान्यांच्या यादीत आहे का ते ताडून घ्यावे. एवढे करायला पाच मिनिटे पुरतात. ‘केवळ बिगरव्यावसायिक वापरासाठी’, ‘अमुक संख्येपेक्षा जास्त ग्राहक असल्यास वेगळी परवानगी’ अशा अटी दिसल्या, तर कोड डोळ्यांसमोर असूनही ते सॉफ्टवेअर ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांबाबत हा गोंधळ सध्या सर्वाधिक आहे. मेटा कंपनी आपल्या लामा मॉडेलांना ओपन सोर्स म्हणत आली, पण त्यांच्या परवान्यात मासिक ७० कोटींहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना वेगळी परवानगी घेण्याची अट आहे.

मान्य परवान्यांचीही दोन कुळे आहेत. एमआयटी, बीएसडी आणि अपाचे हे परवाने बदललेला कोड बंद करून विकायलाही हरकत घेत नाहीत. जीपीएल मात्र म्हणतो की बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत, तर तिचा सोर्स कोडही त्याच अटींवर त्याला द्या. येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: जीपीएलचे सॉफ्टवेअर वापरले तर आपले सगळे काम जगासमोर उघडे करावे लागते, असे अनेक जण सांगतात. तसे मुळीच नाही. वाचनालयाने आपल्या कचेरीत त्यात बदल करून वापरले आणि ते बाहेर कोणाला दिले नाही, तर जीपीएल काहीही मागत नाही. एजीपीएल हा त्याचा भाऊबंद परवाना थोडा पुढे जातो. बदललेले सॉफ्टवेअर इंटरनेटवरून लोकांना वापरायला दिले, तर त्यांनाही कोड मिळाला पाहिजे अशी त्याची अट आहे.

परवान्याच्या शेवटाकडे, बहुधा मोठ्या अक्षरांत, कोणतीही हमी दिलेली नाही असे लिहिलेले असते. सभेत हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा, कारण ‘वाली कोण’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तेथे आहे. मात्र त्याच सभेत विकतच्या सॉफ्टवेअरचा करारही वाचावा. नुकसानभरपाईची जबाबदारी मर्यादित करणारे कलम बहुतेक करारांत असते, आणि ते वाचल्यावर वादाचा सूर पुष्कळ बदलतो.

त्यानंतरचा प्रश्न असा की हा परवाना उद्या बदलू शकतो का. सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलास्टिकने २०२१ मध्ये, हाशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये आपापल्या सॉफ्टवेअरचे परवाने कडक केले. मोठ्या क्लाउड कंपन्या आमचे काम भाड्याने देऊन पैसे मिळवतात आणि आमच्या पदरी काही पडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. ती तक्रार मला खरी वाटते. तरीही ज्या लोकांनी जुन्या अटींवर विश्वासाने कोड दिला, त्यांच्या श्रमांचे नियम त्यांना न विचारता बदलणे मला न्याय्य वाटत नाही, आणि या मतावर मी ठाम आहे. जुन्या परवान्याने एकदा दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही, म्हणूनच तिच्यावरून इलास्टिकच्या कोडची ओपनसर्च, हाशिकॉर्पच्या कोडची ओपनटोफू आणि रेडिसच्या कोडची व्हॅल्की या स्वतंत्र शाखा उभ्या राहिल्या; पुढे इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊ केला. संस्थेने यावरून एक गोष्ट तपासावी: योगदान देणाऱ्यांकडून हक्क एकाच कंपनीच्या नावे लिहून घेतले जातात का? घेतले जात असतील तर परवाना बदलणे त्या कंपनीला सोपे असते. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे हक्क हजारो लोकांत विखुरलेले आहेत, त्यामुळे तेथे ते जवळजवळ अशक्य आहे.

सांभाळणारे किती आहेत ते पाहा

‘कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून तो सुरक्षित असतो’ हे वाक्य निम्मेच खरे आहे. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आले की त्यांच्या संगणकावर दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याचा माग काढताना एक्सझेड या फायली लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम ठेवलेला चोरदरवाजा सापडला. तो ठेवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून एकट्याने प्रकल्प सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला होता, आणि चोरदरवाज्याचा महत्त्वाचा भाग सर्वांना दिसणाऱ्या कोडभांडारात न ठेवता वाटपाच्या संचात घातला होता. कोड खुला असल्यामुळेच एका बाहेरच्या माणसाला तो शोधता आला, हेही तितकेच खरे. म्हणून निवड करताना शेवटची आवृत्ती कधी आली, काम करणारे एक आहेत की दहा, आणि कळवलेल्या दोषांना उत्तर मिळते का, या तीन गोष्टी पाहाव्यात.

या घटनेतला एक भाग मला फार अस्वस्थ करतो. त्या एकट्या माणसावर काही अनोळखी नावांनी दबाव आणला होता: काम इतके हळू का, दुसऱ्याच्या हाती का देत नाही. ते कटाचाच भाग असावेत असे मानले जाते, पण ती भाषा कोणाला वेगळी वाटली नाही, कारण इंटरनेटवर विनामोबदला राबणाऱ्यांशी आपण रोज तसेच बोलतो. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी २०१८ मध्ये आपल्या तिखट बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ काम थांबवले आणि लिनक्सच्या विकासकांसाठी आचारसंहिता स्वीकारली गेली, तेव्हा ‘गुणवत्तेला सौजन्याची गरज काय’ असा वाद पेटला होता. माझे उत्तर असे आहे की सौजन्य नसेल तर सांभाळणारा निघून जातो, आणि मग गुणवत्ता कोणाच्या भरवशावर ठेवायची? दोष कळवताना सॉफ्टवेअरची आवृत्ती, आपण केलेली कृती, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम इतकेच क्रमाने लिहावे, आणि शेवटी आभार मानावेत. ‘कधी होणार?’ असे विचारू नये.

बाहेर पडण्याची वाट आधी तपासा

आमच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर वीस वर्षांपूर्वी युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत) नसलेल्या एका फॉन्टमध्ये टंकलेला होता. नव्या संगणकावर ती फाईल उघडली तेव्हा ‘वाचनालय’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम दिसत होते. तो फॉन्ट विकणारा व्यवसाय बंद झाला होता आणि त्याची तबकडी कोणाकडे नव्हती, त्यामुळे छापील प्रतीवरून १६० पाने पुन्हा टंकावी लागली. तेव्हापासून आत येण्याआधी बाहेर पडण्याची वाट पाहण्याची सवय मी लावून घेतली.

ग्रंथसूचीसाठी आम्ही कोहा ही प्रणाली तपासली. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागाच्या ग्रंथालयासाठी ती बनली आणि २००० साली वापरात आली. तिचा परवाना जीपीएल आहे. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे परतफेडीची जाण ठेवून दिलेली भेट, साधारण आपल्या आहेरासारखी, आणि मला हे नाव फार समर्पक वाटते. चाचणी अशी घ्यावी: दहा पुस्तके नोंदवावीत, त्यांत ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ऱ्हस्व’, ‘ज्ञान’ असे शब्द असलेली नावे मुद्दाम घ्यावीत, आणि दोन तरी अहिराणी पुस्तके असावीत. मग सगळ्या नोंदी सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये बाहेर काढून ती लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडावी. उघडताना जी चौकट येते तीत वर्णसंच म्हणून यूटीएफ-८ निवडावा, आणि प्रत्येक नाव मूळ मुखपृष्ठाशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावे. विकतच्या सॉफ्टवेअरचीही हीच चाचणी घ्यावी. विक्रेता ती घेऊ देत नसेल, तर किंमत विचारण्याचीही गरज नाही.

खर्च मांडताना कोणतीही बाजू सोडू नये. कोहासाठी लिनक्स चालवणारा संगणक, बसवून देणारा माणूस, रोजची बॅकअप प्रत आणि ग्रंथपालांचे प्रशिक्षण यांना पैसे लागतात. विकतच्या प्रणालीला वार्षिक देखभाल शुल्क लागते. फरक असा की पहिल्या बाबतीत काम करणारा माणूस आपल्याला बदलता येतो आणि तो भुसावळचा किंवा धुळ्याचाही असू शकतो. पडद्यावरचे शब्दही आपल्याला बदलता येतात. ‘आहे’च्या जागी ‘शे’ म्हणणाऱ्या अहिराणीत मेनू करून देणे कोणत्याही कंपनीला परवडणार नाही, पण मुक्त परवान्याखाली ते काम शाळेतली चार मुले आणि एक शिक्षक कोणाची परवानगी न मागता करू शकतात.

सभेचा ठराव लिहिताना परवान्याचे नाव व आवृत्ती, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांची माहिती, वर्षाचा अंदाजी खर्च आणि डेटा बाहेर काढण्याच्या चाचणीची तारीख या बाबी इतिवृत्तात नोंदवाव्यात. आमच्या कार्यवाहांनी, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो आणि ज्यांचा सुरुवातीला कडवा विरोध होता, परवान्याची छापील प्रत इतिवृत्ताच्या वहीला स्वतः जोडली आणि त्याखाली एक ओळ लिहिली: दर वर्षी डिसेंबरात ग्रंथपालांनी सर्व नोंदी बाहेर काढून दाखवाव्यात.