ट्रेलरचं एकच चाक तापत होतं: माझा अनुभव

आमचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) टेक्सासात असतो. दोन अ‍ॅक्सल, प्रत्येकी 3,500 पौंड भार पेलणारे. तासभर ओढला की उजवं मागचं हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसतं तो मधला भाग, तापायचं. इन्फ्रारेड थर्मामीटरवर बाकीची तीन 120 फॅरनहाइटच्या आसपास, हे एकटं 190. जॅकवर चढवून चाक फिरवलं की जात्यासारखी घरघर.

आधी ग्रीसगननं दाबून ग्रीस भरलं. ते ग्रीस आत अडवणारं सील ओलांडून ब्रेकशूवर आलं, शू बदलावे लागले ते वेगळंच. मग बेअरिंग नवीन टाकलं. 200 मैलांत पुन्हा तेच. दोन शनिवार गेले, डोकं फिरलं.

चूक माझीच होती: नवं बेअरिंग जुन्याच रेसवर (हबमध्ये ठोकून बसवलेलं कडं, ज्यावर बेअरिंगचे रोलर फिरतात) बसवलं होतं. रेस पुसून उजेडात पाहिली, तर नखाला लागतील असे बारीक खड्डे.

मग पितळी पंचनं दोन्ही जुन्या रेस काढल्या. नव्या रेस गोल फिरत थोडं थोडं ठोकल्या, आवाज बदलून भरीव येईपर्यंत. तेव्हाच त्या तळाला टेकतात. बेअरिंग तळहातावरच्या ग्रीसमध्ये दाबत राहिलो, रोलरांमधून ग्रीस वर येईपर्यंत. मग क्रमानं आतलं बेअरिंग, नवं सील, हब, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. हब फिरवत नट 50 फूट-पौंडांना आवळला, पूर्ण सैल केला आणि हब न फिरवता नुसत्या बोटांनी टेकवला. नट फिरू नये म्हणून घालायच्या कॉटर पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत सैल करायचा, आवळायचा नाही. पिन नवीनच घातली.

त्यानंतर 600 मैल झाले. चारही हब सारखीच कोमट.