गळ सोडवण्याआधी मासा ओळखा

कोकणातल्या निर्जन पुळणीवर गळ टाकायला जाल तेव्हा पक्कड आणि जाड फडकं विसरू नका. मासा वाळूवर आला की लगेच हात घालू नये, आधी नीट पाहावा. तोंडाला मिशा आणि अंगाला खवलं नाहीत, म्हणजे शिंगाळा. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो. काटा टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवा, कळ उतरते. मी थर्मासमध्ये गरम पाणी नेतो ते त्यासाठीच. तिथून दवाखाना फार लांब. तरीही डॉक्टरांना दाखवाच.

टम्म फुगणारा केंड परत पाण्यात सोडा. त्याचं विष शिजवूनही जात नाही.

रावस आणि जिताड्यात गोंधळ होतो. छातीच्या पराखाली चार सुटे दोरे आणि खोल दुभंगलेली शेपटी दिसली तर रावस. शेपटी गोल असेल तर जिताडा. आणि लांबट, टोकदार तोंडाची चंदेरी मुडदुशी मिळाली, तर त्या दिवशी दुसरं काही नको!