शिस्तही राहावी, नवंही सुचावं: कंपनीत काय घट्ट ठेवायचं, काय सैल सोडायचं

सुरुवात मंजुरीच्या कागदांपासून करा. गेल्या तीन महिन्यांतले दहा प्रस्ताव काढा आणि प्रत्येकावर किती सह्या लागल्या, कुठल्या टेबलावर तो किती दिवस पडून होता, हे लिहा. बहुतेक कल्पनांना कुणी नाही म्हटलेलंच नसतं; त्या नुसत्या पडून राहिलेल्या असतात.

मग नियमांची विभागणी करा. पैशांचा हिशेब, सुरक्षा, कायदा, ग्राहकांची माहिती यांना हात लावू नका. उरलेल्या प्रत्येक निर्णयाला एकच प्रश्न विचारा: चुकलं तर आठवड्याभरात मागे फिरता येईल का? येत असेल, तर टीमप्रमुखाची एक सही पुरे.

प्रयोगाचा कागद एका पानाचा असावा. समजा, गोदामात प्रत्येक पार्सल दोघं तपासतात आणि तुम्हाला स्कॅनर देऊन एकावर काम भागतं का ते पाहायचंय. एकच शिफ्ट, मुदत सहा आठवडे, खर्चाची मर्यादा ठरलेली. सध्या हजारात चार पार्सलं चुकत असतील, तर सहाच्या वर गेल्यास प्रयोग बंद. हा आकडा पहिल्या दिवशीच लिहा; नंतर जो तो आपल्या सोयीची कारणं शोधतो. तुलना त्याच शिफ्टच्या जुन्या आकड्यांशी करा. दोन शिफ्टमधला माल सारखा नसतो.

प्रयोगांसाठी वेळ देतानाच गणित फसतं. अमेरिकेतल्या ३एम कंपनीत १९४८पासून कर्मचाऱ्यांना १५ टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी वापरता येतो. चाळीस तासांच्या आठवड्यात हे सहा तास झाले. मूळ कामाचं टार्गेट तेवढं कमी केलं नाही, तर ते सहा तास रविवारी भरावे लागतात आणि दोन महिन्यांत सगळं थंडावतं. धीरही लागतो: त्याच कंपनीत पोस्ट-इट या चिकटवायच्या चिठ्ठ्यांचा हलका चिकटणारा गोंद १९६८मध्ये तयार झाला, अमेरिकेभर विक्री सुरू व्हायला १९८० उजाडलं.

वेगळी ‘इनोव्हेशन टीम’ काढण्याची घाई नको. अगदी नव्या उत्पादनासाठी ती ठीक. रोजच्या कामातली सुधारणा मात्र ते काम करणाऱ्यांनीच करावी. यशस्वी प्रयोगही बहुतेकदा हस्तांतरात मरतात, कारण पुढे ते चालवणाऱ्या विभागाला शेवटीच कळवलं जातं. त्या विभागाच्या प्रमुखाचं नाव पहिल्याच पानावर हवं, दर पंधरवड्याच्या आढाव्यालाही तो हवा.

बंद पडलेल्या प्रयोगाचंही अर्धं पान लिहा, काय मोजलं आणि का थांबवलं. ते त्याच फाइलला लावा, नाहीतर दोन वर्षांनी नवा मॅनेजर तोच प्रयोग पुन्हा मांडतो.