दुखापतीने अडवलेल्या खेळाडूची आठवण कशी लिहावी

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील अशा खेळाडूविषयी लिहिताना सुरुवात दुखापतीपासून न करता खेळापासून करावी. बिल वॉल्टनच्या पायांची दुखणी पुढे व्यावसायिक कारकिर्दीत त्याचे अख्खे हंगाम गिळून बसली, हे खरे. परंतु 1973 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात यूसीएलए या विद्यापीठासाठी त्याने 22 पैकी 21 फेकी बास्केटमध्ये टाकून 44 गुण मिळवले होते, हे आधी आले पाहिजे.

आजाराबाबत अधिक जपून लिहावे. लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा हँक गेदर्स 1988-89 च्या हंगामात गुण आणि रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू पकडणे) या दोन्हींत देशात पहिला होता. डिसेंबर 1989 मध्ये तो मैदानावर कोसळला, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर औषधे सुरू झाली आणि 4 मार्च 1990 रोजी सामना चालू असतानाच तो पुन्हा कोसळून मरण पावला. औषधाच्या मात्रेवरून दोष कोणाचा, याचा निवाडा आपण आठवणीत करू नये. तो आपला प्रांत नव्हे.

त्याऐवजी एखादी लहानशी कृती जवळून दाखवावी. उजवा असूनही गेदर्स फ्री थ्रो, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे मिळणारी विनाअडथळा फेक, डाव्या हाताने टाकू लागला होता. म्हणून त्याच्या पश्चात झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याचा मित्र बो किंबल, तोही उजवाच, प्रत्येक सामन्यातला आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हाताने टाकत असे, आणि चेंडू जाळीतून जात असे.

‘तो सामना खेळला असता तर’ हे वाक्य मात्र एकदाच लिहावे. सिनसिनाटी विद्यापीठाच्या केनियन मार्टिनचा पाय मार्च 2000 मध्ये मोडला, तेव्हा त्याचा संघ देशात अव्वल होता. तिथे ते शोभते.