मिक्सरचे दिवे हिरवे, तरी आवाज फाटलेला: लोकेशन साउंडच्या या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आजींची मुलाखत होती. मिक्सरचे, म्हणजे माईकचे आवाज जुळवून कॅमेऱ्याकडे पाठवणाऱ्या पेटीचे दिवे हिरवे, हेडफोनमध्ये आवाज काचेसारखा, आजीही रंगात आलेल्या. संध्याकाळी कॅमेऱ्यातली फाइल लावली तर पहिल्या शब्दापासून आवाज फाटलेला. मिक्सरने काही बिघडवलं नव्हतं. मिक्सरमधून निघून कॅमेऱ्यात शिरणाऱ्या हातभर केबलीत माती झाली होती. आजींना पुन्हा बसवलं, पण तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगताना त्यात ती मजा कुठून येणार?

झालं होतं ते असं. मिक्सरच्या मागे एक छोटं बटण असतं: लाइन की माईक. लाइन म्हणजे साधारण सव्वा व्होल्ट, माईक म्हणजे जेमतेम काही मिलिव्होल्ट. माझं बटण लाइनवर होतं आणि केबल गेली होती कॅमेऱ्याच्या माईकच्या खाचेत. नळाला अग्निशमनचा पाइप जोडल्यासारखंच ते. कॅमेऱ्याला लाइन इनपुट असेल तर दोन्हीकडे लाइन ठेवा, नुसती माईकची खाच असेल तर मिक्सरही माईकवर आणा. उलटी गडबड झाली, म्हणजे माईकचा सिग्नल लाइनमध्ये गेला, तर आवाज मुंगीएवढा येतो आणि वाढवला की मागून हिस्स येतो. लक्षणावरून कुठलं बटण चुकलं ते लगेच कळतं.

जोडणी झाली की मिक्सरचा १००० हर्ट्झचा टोन, म्हणजे चाचणीचा एकसुरी आवाज, सोडा. मिक्सरचा मीटर शून्यावर असताना कॅमेऱ्याचा मीटर उणे २० डेसिबलवर आणा आणि मग कॅमेऱ्याच्या लेव्हलला हात लावू नका. त्याआधी कॅमेऱ्याचं ऑटो लेव्हल बंद केलेलं हवं. ते चालू राहिलं तर माणूस श्वास घ्यायला थांबला की कॅमेरा आवाज आपणहून वाढवतो, आणि त्या फटीतून अख्खा लक्ष्मी रोड आत येतो.

आता हेडफोन. मिक्सरला लावलेले हेडफोन मिक्सरच ऐकवतात, कॅमेऱ्यात काय चाललंय ते त्यांना ठाऊक नसतं. कॅमेऱ्याच्या हेडफोनच्या खाचेतून मिक्सरच्या रिटर्नमध्ये (परत आलेला आवाज ऐकवणाऱ्या खाचेत) केबल घ्या आणि अधूनमधून तिकडे ऐका. तेही जमत नसेल तर निदान पहिला टेक वाजवून बघा. वाड्यातल्या आजींच्या वेळी एवढं केलं असतं तरी दिवस वाचला असता.

केबलीवरून एक चकवा सांगतो, त्यात भलेभले फसतात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून एक्सएलआर (मिक्सरकडची तीन पिनांची जोडणी) ते साडेतीन मिलिमीटरची (कॅमेऱ्याच्या छोट्या खाचेची) तयार केबल आणली, लावली, आवाज आला. हेडफोनमध्ये थोडा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो, पण घाईत कोण लक्ष देतं! क्लिप मोबाइलवर वाजवली की बोलणारा जवळजवळ गायब. कारण एक्सएलआरच्या दोन तारांवर एकच आवाज एकमेकांच्या उलटा धावत असतो. त्या केबलीने एक तार डाव्या चॅनलला आणि दुसरी उजव्याला दिलेली असते. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात. शूट होऊन गेलं असेल तर घाबरू नका: एडिटमध्ये उजवा चॅनल काढून टाका आणि डावाच दोन्हीकडे ठेवा. पण पुढच्या वेळी केबल मोनो जोडणीची आहे का, ते सोल्डर करणाऱ्याला विचारून घ्या.

गेन (आत येणारा आवाज किती वाढवायचा) आणि फेडर (पुढे किती सोडायचा) एकच समजणारे फार भेटतात. गेन जास्त ठेवला तर आवाज दारातच फाटतो, मग फेडर कितीही खाली ओढा, मिळतो तो हळू फाटलेला आवाज. फाटलं कापड घडी घालून लहान होतं, शिवलं जात नाही. गेन लावताना समोरच्याकडून सगळ्यात चढं वाक्य म्हणून घ्या. एकांकिकेतून आलेली पोरं यात हमखास दगा देतात: टेस्टिंगला पुटपुटतात, टेकला शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. लिमिटर (अचानक चढलेला आवाज दाबणारा) चालू असावा, पण त्याचा दिवा सारखा लुकलुकत असेल तर गेन उतरवा.

लो कट (खालचे, जाड आवाज गाळणारं बटण) ८० हर्ट्झला ठेवला की बूम, म्हणजे माईकची लांब काठी, धरणाऱ्याच्या हाताची गडगड बरीच जाते. पण सिंहगडावरचा वारा त्याने थांबत नाही, कारण वारा माईकवरच आदळतो. तिथे केसाळ टोपीच हवी.

४८ व्होल्टचा फॅन्टम (केबलीतूनच माईकला जाणारी वीज) ज्या माईकला लागतो त्यालाच द्या, नाहीतर मिक्सरचे पेन्सिल सेल दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाहीत. बूम डावीकडे, कॉलर माईक उजवीकडे, असे वेगळे ठेवा. दोन्ही एका ट्रॅकवर मिसळले आणि कॉलर साडीला घासली, की ती खरखर पुन्हा वेगळी काढता येत नाही.

सतत घरघर येत असेल तर आधी कॅमेऱ्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर गेली तर दोष विजेच्या जोडणीत आहे, माईकमध्ये शोधू नका.

बाकी पुण्याचा आवाज आहेच. गणपतीच्या आधी संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठच्या घरात शूट ठेवू नये, सकाळी उरका. लोहगावहून लढाऊ विमान उडालं तर मुकाट्याने कट म्हणा, कुठलाच फिल्टर त्याला पुरत नाही. शूट संपल्यावर सगळ्यांना ३० सेकंद गप्प उभं करून त्याच माईकवर, त्याच गेनला खोलीची शांतता रेकॉर्ड करा. एडिटर दुवा देईल.

आणि आवाज नको म्हणून घरातला फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा. किल्लीसाठी दार उघडावंच लागतं, तेव्हा स्विच आठवतो. मी एकदा किल्ली खिशातच ठेवली होती. त्या घरच्या श्रीखंडाचं काय झालं, ते मला अजून फोन करून सांगतात.